आबांची बायपास: छाती मधून उघडून की बरगड्यांमधून?

अनगोळकर
नमस्कार मंडळी. आमच्या आबांची अँजिओग्राफी मागल्या आठवड्यात झाली. वय ६४. तीन नसांत ब्लॉकेज, त्यातली हृदयाच्या समोरची मोठी नस, एलएडी, जवळजवळ बंदच. शुगर जुनी, इन्सुलिन चालू. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. बेळगावच्या डॉक्टरांनी स्टेंट नको, बायपासच करा म्हणून सांगितलं, आणि तीही छाती मधोमध उघडून. मेहुण्यानं सीडी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात दाखवली. ते म्हणतात, डाव्या बाजूला चार बोटांचा छेद देऊन बरगड्यांमधून करू, हाड कापायला नको, लवकर घरी जाल. खर्च मात्र दुपटीच्या आसपास.

आबांची येळ्ळूर शिवारात भाताची शेती आहे, स्वतः चिखलात उतरणारा माणूस. त्यांनी एकच धोशा लावलाय, "हाड कापून घेणार नाही." आई म्हणते, बेळगावात केलं तर डबा द्यायला, रात्री थांबायला चार माणसं आपली आहेत. घरात दोन तट पडलेत. कुणी करून घेतलं असेल, या क्षेत्रात असेल, तर सांगा. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं विचारायचं काय, तिथंच आम्ही अडतो.

कंग्राळीचा_राजा
दादा, आता सगळं रोबोटनं होतंय. छेद दिसतसुद्धा नाही. पैशाकडं बघू नका, पुण्याला न्या.

खानापूरचा_पंपवाला
मी परफ्युजनिस्ट आहे. हृदय थांबवून ऑपरेशन चालतं तेव्हा रक्त फिरवणारं हार्ट-लंग मशीन मी चालवतो. गाव खानापूर तालुक्यात, नोकरी बाहेर. डॉक्टर नव्हे, त्यामुळं आबांचं काय करायचं हे मी ठरवणार नाही. पण दोन्ही तऱ्हेची ऑपरेशनं रोज समोर बघतो.

पहिल्यांदा गोंधळ सोडवू. लोक "दुर्बिणीची", "रोबोटची", "बिनटाक्याची", "बीटिंग हार्ट" हे सगळं एकाच अर्थानं बोलतात. बीटिंग हार्ट म्हणजे हृदय न थांबवता, मशीनशिवाय केलेली बायपास. ती छाती मधून उघडूनही होते, आपल्या देशात तर अशा पुष्कळ होतात. मी तेव्हा मशीन तयार ठेवून शेजारी बसून असतो. रोबोट म्हणजे सर्जन कन्सोलवर बसून यंत्राचे हात हलवतो, यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये कार्पेंतिए यांनी रोबोटच्या मदतीनं हृदयातली मायट्रल झडप दुरुस्त केली, म्हणजे तेही काही कालपरवाचं नाही. आणि स्टेंट, फुगा, जांघेतून बसवायची झडप, ही सगळी रक्तवाहिनीतून तार घालून करायची कामं, त्यांचं खातंच वेगळं.

तुम्हाला पुण्यात सांगितलंय ते यातलं काहीच नाही. ती छोट्या छेदाची बायपास, मिक्स सीएबीजी म्हणतात तिला. डाव्या बाजूला बरगड्यांच्या मधून सहा-आठ सेंटिमीटरची फट. ही वाटसुद्धा जुनी आहे. लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्ये डाव्या बाजूनंच छाती उघडून, मशीन न लावता, छातीच्या आतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली होती. पुढं मधलं हाड उघडायची पद्धत रूढ झाली, कारण तिथून सगळं हृदय हातात येतं, मागच्या बाजूच्या नसांपर्यंत पोचता येतं. एकापेक्षा जास्त नसांना छोट्या छेदातून जोडायची रीत अमेरिकेत मॅकगिन यांनी २००५ च्या सुमारास बसवली.

आता मुद्द्याचं. बायपासचं आयुष्य छेदावर ठरत नाही, आत कुठली नळी कुठं आणि किती नीट जोडली यावर ठरतं. छातीच्या आतली डावी धमनी, तिला सगळे लिमा म्हणतात, ती एलएडीला जोडली तर दहा वर्षांनीही दहातल्या नऊजणांत चालू असते. पायाची शीर काढून जोडतात त्यातल्या निम्म्याच्या आसपास तेवढ्या काळात बंद पडतात. म्हणून दोन्हीकडं पहिला प्रश्न हा विचारा: लिमा एलएडीला जोडणार ना? बाकीच्या दोन नसांना काय वापरणार? आणि छोट्या छेदातून तिन्ही नसा होणार, की एक जोडून बाकीच्या दोघींना नंतर स्टेंट घालणार? त्याला हायब्रिड म्हणतात. ती पद्धत चांगलीच आहे, पण पेशंट कोणता यावर आहे. शुगरवाल्यांत अनेक नसा बंद असतील तर स्टेंटपेक्षा बायपास सरस, हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात दिसलंय. बेळगावच्या डॉक्टरांनी स्टेंट नको म्हटलं ते उगाच नव्हे.

एक विचारतो. आबा बिडी ओढायचे काय? दमा, टीबी असं काही?

अनगोळकर
बिडी होती, सोडून बरीच वर्षं झाली. तंबाखू अजून आहे. टीबी झाला होता तरुणपणी, डाव्या बाजूला पाणी झालं होतं, काढलं होतं. कोर्स पुरा केलेला. पण पुण्याला नुसती सीडी दाखवली, त्यात हे कुठं येणार?

खानापूरचा_पंपवाला
बरं झालं सांगितलंत. छोट्या छेदाच्या ऑपरेशनात भूलतज्ज्ञ घशात दोन तोंडांची नळी घालतात, एक फुप्फुस बंद ठेवतात आणि दुसऱ्यावरच पेशंटला चालवतात. डावं फुप्फुस आकसलं की समोर हृदय दिसतं. टीबीत पाणी होऊन गेलं असेल तर फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं. ते सोडवत बसायचं म्हणजे वेळ जातो, रक्त जातं, फुप्फुसाला भोकं पडून हवा गळत राहते. आणि बिडीनं फुप्फुसं कमजोर असतील तर एकावर तास-दोन तास काढणं जड जातं.

म्हणून ठरवायच्या आधी छातीचा सीटी आणि फुंकर मारायची तपासणी, पीएफटी, ही दोन्ही करून घ्या. पुण्याच्या डॉक्टरांनाही हे सांगा. ऐकल्यावर तेच कदाचित वेगळं बोलतील, त्यात त्यांचा दोष नाही.

मशीन लागणार असेल तर माझ्या बाजूचीही एक गोष्ट आहे. छाती उघडलेली असली की नळ्या सरळ हृदयाला आणि महाधमनीला लागतात. छोट्या छेदात जागाच नसते, मग जांघेतल्या धमनीत आणि शिरेत घालाव्या लागतात. नळी बारीक, त्यामुळं रक्त नुसतं उतारानं मशीनमध्ये पुरेसं येत नाही, व्हॅक्यूम लावून ओढावं लागतं. आणि रक्त परत जातं ते जांघेतून वरच्या दिशेनं, म्हणजे उलटं. महाधमनीत कॅल्शियमचे, चरबीचे थर असतील तर त्यातला कण सुटून मेंदूकडं जायची भीती. त्यामुळं शुगरवाल्या, तंबाखूवाल्या माणसाचा सीटी करताना नुसती छाती नको, पोट आणि जांघेपर्यंतच्या रक्तवाहिन्या बघायला सांगा.

निपाणीचे_मास्तर
मी २०११ साली पूर्ण छाती उघडून बायपास करून घेतली. चार जोडण्या. आबांना हाडाची भीती वाटते, ती मलाही होती. पण हाड स्टीलच्या तारांनी पक्कं बांधतात, एक्सरेत त्या तारा आजही ओळीनं दिसतात. मला छातीपेक्षा पाय जास्त दुखला. पोटरीपासून मांडीपर्यंत शीर काढलेली, टाक्यांची लांब ओळ, कित्येक आठवडे घोट्याशी सूज. त्याबद्दल आधी कुणी बोललंच नव्हतं. आता पायाची शीरसुद्धा दुर्बिणीनं काढतात, दोन-तीन बारीक छेदांतून. आबांची छाती कशीही उघडा, पायाचं हे मात्र जरूर विचारा.

खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. अंथरुणातून उठताना हाताचा रेटा द्यायचा नाही, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. तीन महिने वजन नाही, स्कूटर नाही. नंतर सगळं सुरू. शेती करायची असेल तर एवढे तीन महिने पाळायलाच लागतात.

शहापूरची_लेक
आमच्या नणंदेचं सांगते, बायपास नव्हे, व्हॉल्वचं. वय ३४. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेलेला, त्यातनं मायट्रल झडप आकसली. पहिल्यांदा फुग्यानं उघडली होती. काही वर्षांनी परत धाप लागायला लागली, झडपेवर कॅल्शियम साठलं होतं, मग बदलायलाच लागली. उजव्या बाजूला, छातीच्या खालच्या घडीत छेद देऊन केलं. आज ब्लाउजच्या आत टाका दिसतही नाही. तरण्या बाईला हे किती मोठं असतं ते बाईलाच ठाऊक. शिवणकाम करते, मशीनवर लवकर बसली.

पण लोक म्हणतात तसं दुखत नाही, हे खरं नव्हे. पहिले तीन-चार दिवस श्वास घेताना बरगडीत कळ यायची, रडायची. बरगड्या फाकवताना तिथली संवेदनेची नस, मज्जातंतू, दाबली जाते म्हणे. मग भूलतज्ज्ञांनी त्या नसेलाच सुन्न करायचं इंजेक्शन दिलं, तेव्हा उतार पडला. छाती बरी झाली आणि जांघेतली जखम मात्र पाझरत राहिली, ड्रेसिंगला खेपा घालायला लागल्या. धातूची झडप आहे, त्यामुळं रक्त पातळ करायची गोळी जन्मभर आणि रक्त किती पातळ आहे ते बघायची आयएनआर तपासणी. ते छेद लहान असो की मोठा, चुकत नाही.

आणखी एक. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सहीला कागद आले, ते कन्नड आणि इंग्रजीत. सासूबाईंनी न वाचता अंगठा दिला. त्यात "गरज पडल्यास पूर्ण छाती उघडावी लागेल" असं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. कागद कुठल्याही भाषेत असू दे, कुणाकडून तरी मराठीत वाचून, समजून घ्या. तो हक्कच आहे की आपला.

खानापूरचा_पंपवाला
ताई, हे फार चांगलं लिहिलंत. ते कलम प्रत्येक छोट्या छेदाच्या कागदावर असतं आणि असायलाच पाहिजे. रक्तस्राव आवरेना, नस सापडेना, रक्तदाब पडायला लागला की सर्जन मधून छाती उघडतो. त्याला अपयश म्हणू नका. वेळेवर तो निर्णय घेणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

झडपेबद्दल ब्रिटनमधला एक चांगला अभ्यास आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मायट्रल झडप दुरुस्तीचे ३३० पेशंट, काहींचं छोट्या छेदातून, काहींचं मधून उघडून, कुणाचं कसं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. सहा आठवड्यांना छोट्या छेदावाले जास्त हालतफिरत होते. बारा आठवड्यांना दोघं सारखे. हॉस्पिटलातला मुक्काम साधारण पाच दिवस विरुद्ध सहा. दुरुस्तीचा दर्जा दोन्हीकडं तेवढाच, सुरक्षितताही तेवढीच. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो पहिल्या दीड-दोन महिन्यांतला. ज्याला लवकर कामावर जायचंय त्याला तो मोलाचाच. पण त्यासाठी घर गहाण टाकावं असा तो नाही, हे माझं स्पष्ट मत. आणि हे आकडे रोज तेच काम करणाऱ्या हातांचे आहेत. महिन्यातून एखादं करणाऱ्याकडून तीच अपेक्षा धरू नका.

काकतीकर
माझ्या धाकट्या भावाची वेगळी कथा. वय ३९, रिक्षा चालवतो. एकच नस, एलएडी, पण ब्लॉकेज अगदी तोंडाशी, स्टेंटला अवघड जागा. डाव्या बाजूला छोटा छेद, लिमा एलएडीला, मशीन लागलंच नाही. पायाला हात लावला नाही. महिन्याभरात रिक्षा चालवायला लागला. आम्हाला तरी हे सोन्यासारखं वाटलं.

खानापूरचा_पंपवाला
काकतीकर, तुमचा भाऊ म्हणजे या पद्धतीचा नेमका पेशंट. तरुण, फुप्फुसं चांगली, समोरची एकच नस. तिथं मी कुणालाही छोटाच छेद विचारा म्हणेन. तीन नसा, शुगर आणि जुना टीबी असलेल्या माणसाचा हिशेब निराळा.

सिस्टर_टिळकवाडी
कार्डियाक आयसीयूत काम केलंय. आबांची भीती अगदीच निराधार नव्हे, हेही सांगायला हवं. शुगरवाल्यांत मधल्या हाडाची जखम चिघळणं हा खरा धोका आहे. कमी जणांत होतो, पण झाला तर महिनोन्‌महिने निस्तरावं लागतं. छोट्या छेदात ते हाडच कापत नाहीत, त्यामुळं तो धोका टळतो. दोन्ही बाजू घरात मांडा.

मधून उघडायचं ठरलं तर हा धोका कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, बघून घ्या, शुगर आजपासून काबूत आणा, "ऑपरेशननंतर बघू" चालत नाही. तंबाखू आजपासून बंद, तोंडात ठेवायचीसुद्धा. दात किडलेले असतील तर आधी दाखवा, झडपेच्या पेशंटला तर हे फारच महत्त्वाचं. रक्ताची गुठळी होऊ न देणारी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी चालू असेल तर साधारण पाच दिवस आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः बंद करू नका. तीन लहान चेंडूंचं फुंकायचं यंत्र आत्ताच विकत घ्या. ते आत ओढायचं असतं, बाहेर फुंकायचं नाही. बहुतेकजण उलटं करतात. आबांना ऑपरेशनच्या आधीच सवय लावा, नंतर दुखत असताना शिकवणं अवघड जातं.

उचगावकर
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. एपीएलवाल्यांना पॅकेजच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची केस नसेल तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, आपल्याकडं सिव्हिल म्हणजे बिम्स. तिथं सकाळी लवकर जा, आधार आणि रेशन कार्ड दोन्ही घेऊन. पॅकेज ऑपरेशनचं असतं. छोट्या छेदाचे जादा पैसे त्यात धरतात की वरून मागतात, हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे तिथं बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडून, लेखी घ्या. पुण्याला जाणार असाल तर कार्ड तिथं चालतं का, आधी फोन करून विचारा, दारात जाऊन नको.

आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, तिचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२४ च्या सुरुवातीला कर्नाटकानं तिची इकडची केंद्रंच बंद केली. दोन सरकारांच्या भांडणात आमच्या माणसांच्या छातीतली कळ थांबत नाही. यावर बोलायचं तर वेगळा धागा काढा, पण आबांनी त्या योजनेच्या आशेवर ऑपरेशन लांबवू नये.

जांबोटी_रोड
विषय निघालाच आहे तर, माझ्या आजीचं वय ८१. महाधमनीची झडप आकसलीय, दोनदा चक्कर येऊन पडली. जांघेतून झडप बसवतात म्हणे?

खानापूरचा_पंपवाला
हो, टावी. फ्रान्समध्ये क्रिबिये यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा माणसात केली. छाती उघडत नाहीत, तारेवरून घडी केलेली झडप नेऊन जुन्या झडपेच्या आतच उघडतात. त्या वयाला बहुतेकवेळा हीच योग्य ठरते. वापीच्या मेरिल कंपनीची मायव्हाल ही भारतात बनलेली झडप आहे, तरी एकूण खर्च बऱ्याच लाखांत जातो. चक्कर येऊन पडली म्हणालात, ते लक्षण हलकं घेऊ नका. या आठवड्यातच टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून हृदयरोगतज्ज्ञांकडं न्या.

अनगोळकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सीटी झाला. डावं फुप्फुस खालच्या बाजूला चिकटलेलं आहे, महाधमनीतही कॅल्शियम आहे. पुण्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट पाठवला, त्यांनीही फोनवर सांगितलं की या पेशंटला आम्ही पण मधूनच उघडू. तेव्हा बेळगावातच करायचं ठरलं. इथल्या सर्जनना सगळे प्रश्न विचारले, न चिडता उत्तरं दिली. लिमा एलएडीला, बाकी दोघींना पायाची शीर, ती दुर्बिणीनं काढणार. शक्यतो मशीनशिवाय. एचबीएवनसी ९.१ आहे, त्यामुळं दोन आठवडे शुगर आणायला दिलेत. तेवढं थांबायला हरकत नाही, पण छातीत दुखलं तर लगेच या म्हणालेत.

आबांशी मास्तरांनी फोनवर अर्धा तास बोलणं केलं, त्याचा फार उपयोग झाला. तंबाखूची डबी त्यांनी आईकडं दिलीय. रक्ताची सोय आपणच करायला सांगितलंय, ओ पॉझिटिव्ह, चार बाटल्या. अनगोळ, वडगाव, टिळकवाडीकडचं कुणी असेल तर मेसेज करा.

काकतीकर
भाऊ नाही देऊ शकत, पण मी ओ पॉझिटिव्ह आहे. तारीख कळवा, आमच्या गल्लीतली आणखी दोन पोरं घेऊन येतो.

सिस्टर_टिळकवाडी
अनगोळकर, रक्तदात्यांना उपाशीपोटी आणू नका. आणि ऑपरेशनच्या दिवशी नको, दोन दिवस आधी न्या, तपासण्या होऊन बाटली तयार व्हायला वेळ लागतो.